आई मनोरीला आहे

अण्णा,

आईबद्दल आपण दोघं एकमेकांशी कधी बोललोच नाही. मामाच्या लग्नाचा विषय निघाला की तुम्ही उठून दारात जाऊन उभे राहायचात, आणि मी हातातलं काम नसलं तरी काहीतरी शोधून काढायची. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, तुम्ही म्हातारे झालात, तरी नाही. आता तुम्हाला जाऊनच इतकी वर्षं झालीत की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो, मग त्याच्यामागून आवाज येतो. माझ्या पाठचा धाकटा गेला त्यालाही वर्ष होत आलं. त्या होडीतलं आणि त्या घरातलं आता मी एकटीच उरलेय. सून कामावर जाते, नातवंडं शाळेत, दुपार सगळी रिकामी असते. म्हणून लिहायला बसलेय. काही मागायचं नाही तुमच्याकडे, आणि भांडायचं तर त्याहून नाही.

मामाच्या लग्नाला तुम्ही मनोरीला आलात, अक्षता टाकल्यात, जेवलात, आणि कचेरीत रजा नाही म्हणून त्याच संध्याकाळी बोरिवलीला परतलात. आम्ही मागे राहिलो. माहेरी आईचं चालणंसुद्धा बदलायचं, तुम्हाला ते ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक. घरी ती भिंतीच्या कडेकडेने चालल्यासारखी चालायची, मनोरीला अंगणाच्या मधोमध. निघायच्या दिवशी मामाने आम्हाला खाडीवर सोडलं. पलीकडचा मार्व्याचा धक्का इथून दिसतो, उभ्या माणसाच्या डोक्यावरचं पागोटं कुठल्या रंगाचं ते कळतं, एवढंच ते अंतर. लग्नाची सगळी परतीची मंडळी एकाच वेळी होडीत चढली, त्यांच्या ट्रंका, पितळी भांडी, फणस, सगळं. नावाडी म्हणाला, अर्धे उतरा, मी लगेच दुसरी खेप मारतो. कुणी उतरलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा उतरेल. आईसुद्धा नाही उतरली, कारण धाकट्याला झोप येत होती आणि मालाडहून पुढे अजून बोरिवली गाठायची होती.

वारा सुटला तेव्हा आम्ही मध्यावर होतो. एक ट्रंक घसरली, एका बाजूने पाणी आत आलं, आणि त्या बाजूची सगळी माणसं एकदम उठून दुसऱ्या बाजूला आली. झालं ते एवढंच. आरडाओरडा झाला असणार, पण मला तो आठवत नाही. मला हिरवं पाणी आठवतं आणि त्यातून कुणीतरी माझी वेणी धरून मला वर ओढलेलं आठवतं. वर आले तेव्हा आईने धाकट्याला दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं, आणि नावाड्याने तिच्या हातातून त्याला घेतलं. हे मी पाहिलं. मग माझ्या नाकातोंडात पाणी गेलं, आणि पुन्हा बघितलं तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

मालाडच्या त्या दवाखान्यात तुम्ही आलात तेव्हा तुमच्या शर्टाला अजून कचेरीतली शाई लागलेली होती. धाकटा शुद्धीवर येत नव्हता. डॉक्टर तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, मूल लहान आहे, छातीत पाणी गेलंय, आता त्याला कसलाही धक्का बसता कामा नये. मी बाकावर बसून ऐकत होते. मग धाकट्याने डोळे उघडले, तुम्हाला बघितलं, आणि पहिला शब्द काढला तो तोच. "आई?"

तुम्ही एक क्षणही थांबला नाहीत. "आई मनोरीला आहे," म्हणालात. "मामीला बरं नाही ना, म्हणून राहिली. येईल."

तुमच्या तोंडून ते इतकं सहज आलं की क्षणभर मीसुद्धा दाराकडे बघितलं. मग तुम्ही मला बाहेर, दवाखान्याच्या मागच्या अंगाला घेऊन गेलात. तिथे धुतलेल्या पट्ट्या दोरीवर वाळत होत्या. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात, कधी नव्हे ते, म्हणजे तुमचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला.

"तू मोठी आहेस," तुम्ही म्हणालात.

मी दहा वर्षांची होते.

"तुझी आई गेली, बाळ. त्याला सांगायचं नाही. तो जरा बरा झाला, अंगाने भरला, की मी सांगेन. तोवर तू आणि मी. कळलं?"

मी "हो" म्हटलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि तो काढायचं तुम्हाला सुचेना, शेवटी मीच तो धरून खाली घेतला.

आईचे दिवस मामाने मनोरीलाच घातले. तुम्ही कचेरीत जातो सांगून तिकडे जायचात आणि संध्याकाळी कचेरीच्या वेळेला परत यायचात, डोक्यावर टोपी, कारण केस काढलेले. धाकट्याने टोपी ओढली तेव्हा "उवा झाल्या होत्या रे" म्हणालात. तो हसला. बुडाल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि त्या हसण्यानेच तुमचा निश्चय पक्का झाला असं मला वाटतं. तुम्हाला वाटलं असणार, हे जमतंय.

मग आपण मुलुंडला आलो. लोकांना तुम्ही सांगितलंत, भाडं कमी पडतं. पण मला ठाऊक होतं, तुम्ही समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं गेलात. बोरिवलीला शेजारणी होत्या, त्या धाकट्याला बघून पदर डोळ्यांना लावायच्या. मुलुंडला कुणी आपल्याला ओळखत नव्हतं. चाळीच्या मागे डोंगर, समोर रान, आणि पलीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या बराकी. खाडी तिथेही होती पूर्वेला, मिठागरांच्या पुढे, पण त्या बाजूला तुम्ही आम्हाला कधी फिरायला नेलं नाहीत.

एक सांगते अण्णा, तुम्ही जे केलंत ते सगळे बाप करत नाहीत. नातेवाईक स्थळं घेऊन आले, तुम्ही हात जोडलेत. खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पेड बांधून तुम्ही वेणी घालायला शिकत होता, ते मी अंथरुणातून बघायची. सकाळी माझी वेणी घालताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायचात, हा याच्यावरून, हा त्याच्यावरून. डाळीची फोडणी जळली की खिडकी उघडून टॉवेलने धूर बाहेर घालवायचात आणि "आज जरा खमंग झालंय" म्हणायचात. धाकटा रात्री अंथरूण ओलं करायचा. पाच वर्षांचा, मग सहा, मग सात वर्षांचा झाला तरी. तुम्ही कधी त्यावरून त्याला बोलला नाहीत. सकाळी गोधडी धुऊन टाकायचात आणि कचेरीत जायचात. अंघोळीला तो तांब्या डोक्यावर घेऊ द्यायचा नाही, किंचाळायचा, तर तुम्ही ओल्या फडक्याने त्याचं डोकं पुसायचात. जितकं तुम्हाला कळत होतं तितकं सगळं केलंत.

आणि आई मनोरीला होतीच. मे महिन्यात तुम्ही करवंदं आणायचात, "आईने पाठवलीत." पावसाच्या तोंडाशी जांभळं, "आईने पाठवलीत." धाकटा द्रोण नाकाशी धरून बसायचा, कितीतरी वेळ, आणि खायचा नाही. दिवाळीला आईने त्याला शर्ट पाठवला. निळा, पांढऱ्या बटणांचा. त्याने तो घातला, बाह्या ओढून बघितल्या, अगदी मापाचा होता.

"अण्णा, आईला कसं कळलं मी एवढा मोठा झालो?"

तुम्ही करंजीचा तुकडा मोडत होता, तो तसाच हातात राहिला. "मी सांगितलं तिला," तुम्ही म्हणालात.

"मग मला का नाही नेत?"

"मामीचा आजार लागणारा आहे. लहान मुलांनी जायचं नसतं."

तो मान हलवायचा. पुन्हा विचारायचा नाही. तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि मीही मान हलवायची. आपण तिघं बसून मान हलवत होतो.

तो खेळ तुम्ही बघितलात तो रविवार मला आठवतो. धाकटा मोरीत बसलाय. बादली भरलेली. तिच्यात नारळाची करवंटी तरंगतेय, आणि करवंटीत तो एक एक चिंचोका ठेवतोय. भरली की बोटाने कड दाबतो. चिंचोके बुडतात. तो बादलीत हात घालून एक एक बाहेर काढतो, पुसतो, आणि पुन्हा करवंटीत भरतो. चेहरा असा, जसा तुमचा हिशेब तपासताना असायचा. मी हे कितीतरी दिवस बघत होते. तुम्ही त्या दिवशी पाणी प्यायला आलात आणि बघितलंत.

तुम्ही वाकून बादली उलटी केलीत, करवंटी उचलून चुलीत घातलीत, आणि त्याच्या कानाखाली मारलीत. आयुष्यात पहिल्यांदा.

"हा खेळ या घरात खेळायचा नाही! समजलं?"

तो रडला नाही. त्याला लागलं त्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागलं, हे तुमचं तोंड बघून मला कळलं. तुम्ही तिथेच मोरीच्या कठड्यावर बसलात, धोतर भिजलं तरी उठला नाहीत. धाकटा पुढे आला आणि तुमच्या गुडघ्यावर थोपटायला लागला. तुम्हाला वाटलं, माफी मागतोय. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

मग तो खेळ बराकीत गेला. पलीकडच्या बराकीतल्या सिंधी बाईंना आम्ही अम्मा म्हणायचो. खाटेवर जुनं धोतर पसरून त्या पापड वाळत घालायच्या आणि धाकट्याला कावळे हाकायला बसवायच्या. त्यांचा मुलगा इकडे आल्यावर छावणीतल्या तापात गेला होता. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, पापड लाटता लाटता, जसं आपण गावाचं नाव सांगतो तसं. त्यांच्याकडे धाकट्याने पितळेची परात मागून घेतली, पाणी भरलं, आणि पुन्हा करवंटी आणि चिंचोके. अम्मांनी लाटणं खाली ठेवलं आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"ये कौन है, पुट?" बेट्याला त्या पुट म्हणायच्या.

"हा नावाडी."

"और ये?"

"ही ताई. हिला वेणीला धरून काढलं."

"और ये छोटा?"

"हा मी."

"और ये?"

"ती आई."

मी दारात उभी होते. त्याने करवंटीची कड दाबली. पाण्यात हात घातला. नावाडी काढला, ताई काढली, स्वतःला काढलं. मग परातीकडे बघत बसला.

"अम्मा नहीं आई ऊपर?" त्यांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "ती येत नाही."

अम्मांनी त्याला जवळ ओढलं नाही, काही समजावलं नाही. फक्त म्हणाल्या, "हां. मेरा भी नहीं आया." आणि मग दोघं मिळून पापड उलटायला लागले. त्या रात्री त्याने अंथरूण ओलं केलं नाही. पुढेही कितीतरी दिवस केलं नाही. तुम्हाला वाटलं, तुम्ही आणलेल्या टॉनिकचा गुण आला.

मी तुम्हाला काही सांगितलं नाही. सांगायचं ते अम्माच सांगायला आल्या. तुम्ही कचेरीतून येऊन पाय धूत होता. त्या डोक्यावर पदर घेऊन दाराबाहेरच उभ्या राहिल्या.

"बाबूजी, बच्चे को सब मालूम है. माँ डूब गई, उसको मालूम है. आप नहीं बोलते, इसलिए वो नहीं बोलता. आपके लिए नहीं बोलता."

तुम्ही तांब्या खाली ठेवलात. तुमचा चेहरा असा पांढरा पडलेला मी दवाखान्यातसुद्धा बघितला नव्हता.

"तुमने उसको बताया?"

"मैंने कुछ नहीं बताया. उसने मुझे बताया."

"पाच वर्षांचा होता तो. बेशुद्ध होता. त्याला काय माहीत असणार?" हे तुम्ही मराठीतच बोललात, कुणाशी तरी भांडल्यासारखं. मग त्यांना म्हणालात, "आप अपना घर देखिए. मेरे बच्चे आपके यहाँ नहीं आएँगे."

त्या "अच्छा," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशीपासून आमचं तिकडे जाणं बंद झालं. धाकट्याने का म्हणून विचारलं नाही. त्याने विचारणंच सोडून दिलं होतं. आठवडा झाला नाही तो गोधडी पुन्हा दोरीवर वाळायला लागली. पुढे त्या बराकी पाडून इमारती झाल्या, अम्मा कुठे गेल्या मला कळलं नाही. तुमच्यावर त्या वेळी मला राग आला नाही, अण्णा. मला वाटलं, तुम्ही वडील आहात, तुम्हालाच कळत असणार.

तो नऊ वर्षांचा असताना एका संध्याकाळी घरी आला नाही. दप्तर खुंटीला होतं. तुम्ही शाळा, मैदान, स्टेशन, पोलीस चौकी सगळं पालथं घातलंत. परत आलात तेव्हा मी चूल न पेटवता बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, तो मनोरीला गेला असेल." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जशी मी शिवीच दिली. पण पहाटे आपण निघालो.

मार्व्याच्या धक्क्यावर तो बसला होता. खाडीकडे पाठ करून. त्याच्या अंगावर कुणाचं तरी जाड पांघरूण होतं, आणि शेजारी एक म्हातारा कोळी जाळं पसरून बसला होता. मी त्याला ओळखलं नाही, त्याने मला ओळखलं. माझ्या वेणीकडे बघितलं त्याने.

"काल दिस मावळताना आला," तो तुम्हाला म्हणाला. "होडीत चढाया तयार नाय. मना सांगतो, माझी आय पल्याड हाय, तिला हाक मार. मी म्हटला, कोनाचा पोर तू? त्यानं सांगितला तवा मना समजला. मी खोटा नाय बोललो साहेब. मीच याला तिच्या हातातून घेतला होता. मी कसा खोटा बोलू?"

तुम्ही धाकट्यासमोर उकिडवे बसलात. अगदी तसेच, जसे माझ्यासमोर बसला होतात. "बाळ," म्हणालात.

धाकटाच बोलला. शांतपणे बोलला, मोठ्या माणसासारखा. "मला ठाऊक होतं अण्णा. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक नाही."

तुम्ही त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागलात.

"तुम्ही इतक्या वेळा सांगायचात ना, आई आहे म्हणून. तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल असं वाटायचं. तुम्ही रडाल म्हणून मी बोलत नव्हतो. मग परवा तुम्ही म्हणालात, ती येईल दिवाळीला. तेव्हा वाटलं, मीच चुकलो असेन. म्हणून बघायला आलो."

अण्णा, मी आयुष्यात पुष्कळ रडणं ऐकलंय. तुम्ही तेव्हा जे रडलात तसं दुसरं नाही ऐकलं. आणि तुम्ही रडत असताना धाकटा तुमच्या गुडघ्यावर थोपटत होता, त्या मोरीतल्यासारखाच, आणि मला तेव्हा कळलं की त्या दिवशीही त्याने माफी मागितली नव्हती. चार वर्षं तो तुम्हाला सांभाळत होता. तुम्ही त्याला, आणि तो तुम्हाला. आणि दोघांनाही त्याने काही बरं वाटलं नाही.

त्यानंतर तुम्ही सगळं सुधारायला गेलात. ट्रंकेतून आईचा फोटो काढलात, भिंतीला लावलात, त्याला हार घातलात. धाकट्याला समोर बसवून सगळं सांगितलंत, अगदी टोपीचंसुद्धा. तो मान खाली घालून ऐकत होता, जसं दुसऱ्याच कुणाच्या घरचं सांगताहेत.

"अजून काही आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तो शब्द मग त्याच्या तोंडाला कायमचा चिकटला. दूध संपलं म्हटलं तरी "नक्की?" शाळेला सुट्टी आहे म्हटलं तरी "नक्की?" तुम्ही प्रत्येक वेळी "नक्की" म्हणायचात, गोड आवाजात म्हणायचात, आणि तो उठून पातेलं बघून यायचा. त्याचं वाईट मनात नसायचं. त्याला त्याशिवाय चैनच पडायची नाही. तुम्ही किती वर्षं वाट बघितलीत, की एकदा तरी तो न बघता बसेल. मी बघत होते तुम्हाला वाट बघताना.

तो मोठा झाला, भांडुपच्या कारखान्यात लागला, वेगळी खोली घेतली. एक मुलगी होती, चांगली होती, त्याच्यावर जीव होता तिचा. वर्षभराने ती मला म्हणाली, ताई, मी कुठे गेले होते हे सांगितलं की ते तिथे जाऊन विचारून येतात. मी तिला काय सांगणार? ती सोडून गेली, आणि पुन्हा कुणी आलं नाही. भाऊबीजेला तो यायचा. पोरं झोपलीत म्हटलं की दाराशी जाऊन हळूच बघून यायचा आणि मगच पाटावर बसायचा. मी ओवाळायची. आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो. एकदाच, जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, "ताई, अम्मांकडे असताना बरं वाटायचं गं." मी म्हटलं, "हो रे."

तुम्ही गेलात तेव्हा डॉक्टरांनी हात सोडला आणि मान हलवली. धाकट्याने विचारलं, "नक्की?" डॉक्टर चिडले. तो खाली बसला आणि तुमच्या छातीवर तळहात ठेवून बसून राहिला. लोक म्हणाले, उठवा त्याला, उशीर होतोय. मी कुणाला उठवू दिलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने हात काढला आणि "हो" म्हणाला. आणि मागच्या वर्षी तो गेला तेव्हा त्याच्या खोलीत कुणी नव्हतं. शेजाऱ्यांना दोन दिवसांनी कळलं.

हे सगळं मी आज का लिहितेय ते सांगते. मी हल्ली घाटकोपरला असते. इथे पावसात डोंगराचा एक भाग घसरून झोपड्यांवर आला. वाचलेली मुलं आमच्याजवळच्या शाळेत आणून ठेवली. मी जन्मभर शिक्षिका होते म्हणून मलाही बोलावलं. तिथे एक शिकलेली तरुण मुलगी आली होती, मुलांच्या मनाचंच काम करते ती. तिने आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं. मुलांना खोटं सांगू नका. बोलली तर बोलू द्या, नाही बोलली तर ओढून काढू नका. तोच तोच खेळ खेळली तर खेळू द्या, थांबवू नका, शेजारी बसा. ती बोलत होती आणि मला अम्मांची परात दिसत होती. मनात आलं, हे कुणीतरी तुम्हाला का नाही सांगितलं? मग आठवलं, सांगितलं होतं की. दारात उभं राहून सांगितलं होतं.

तिथे एक सहा वर्षांची मुलगी होती. माझा पदर धरून असायची. तिने एकदा विचारलं, "माझी आई कुठे आहे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बसले आणि तिला खरं सांगितलं. साध्या शब्दांत, त्या तरुण मुलीने शिकवलं होतं तसं. ती ऐकून घेते. रडत नाही. हातातली खारी खाते, पडलेला चुरा वेचून खाते. मग माझा पदर सोडते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. पुन्हा तिने तो पदर धरला नाही. पुढे तिचे कुणी काका गावाहून आले आणि तिला घेऊन गेले. तिचं बरं झालं की नाही, मला कधीच कळणार नाही. खरं सांगितलं म्हणून माझ्या हातून काही भलं झालं, असं मी म्हणू शकत नाही अण्णा. तुम्ही खोटं सांगून जिथे पोहोचलात, मी खरं सांगून फार पुढे गेले असेन असं वाटत नाही. पाण्यातून मूल बाहेर काढता येतं. त्याच्या आतलं पाणी कसं काढायचं, ते मला या वयातही माहीत नाही.

घरी येताना रिक्षात मला तुमचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आधी वाटलं, धाकट्यासाठी येतोय. तसा तो नव्हता. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तुम्ही ते वाचणार नाही, म्हणूनच लिहिते. धाकट्याला तुम्ही चार वर्षं एक आई दिलीत. खोटी का होईना, पण फळं पाठवणारी, दिवाळीला येईन म्हणणारी. मला तुम्ही एक दिवससुद्धा दिली नाहीत. त्या दोरीवरच्या पट्ट्यांखाली उभं करून सरळ सांगून टाकलंत. मी दहाच वर्षांची होते अण्णा. मलाही कुणीतरी फसवायला हवं होतं.